रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे: संशोधनातल्या छोट्या स्क्रिप्ट कशा तपासायच्या, कशा सांभाळायच्या

नोंदवहीतली एक ओळ आधी दाखवते. कपाशीच्या वावरात लावलेल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणाऱ्या) रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे किती पतंग सापडले, त्याची ही सात दिवसांची नोंद: ९, १०, मग दोन रकाने रिकामे, मग ११, ८, ७.

एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन दिवस झालं की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात आणि फवारणीचा विचार करावा लागतो. रोजचा आकडा फार वर-खाली होतो म्हणून आम्ही आठवड्याची सरासरीही काढायचो. माझ्या स्क्रिप्टने, म्हणजे संगणकावरच्या छोट्या प्रोग्रामने, या ओळीची सरासरी दिली ६.४, म्हणजे आठच्या खाली. मी तक्ता छापून गावातल्या बैठकीत वाटला. मागे बसलेल्या एका काकाजींनी चष्मा वर करून विचारलं, "ताई, पोयाच्या अन् तान्ह्या पोयाच्या दिवशी सापयापाशी गेलं कोन? मंग हे शून्य आलं कुठून?"

कोणीच गेलं नव्हतं. पोळ्याला बैल सजवायचे, दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी बैल, मग सापळे मोजणार कोण? नोंदवहीत ते रकाने रिकामेच होते. स्क्रिप्टने त्यात शून्य भरलं, ४५ ला ५ ऐवजी ७ ने भागलं आणि ९ ची सरासरी ६.४ करून ठेवली. त्यात पोळा येतो अमावस्येला, आणि अंधाऱ्या रात्री पतंग जास्त अंडी घालतात म्हणून याच दिवसांत कपाशीकडे नीट बघा, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगतात. ज्या दोन रात्रींबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं, त्यांच्याबद्दल माझा तक्ता "काही नाही" असं ठामपणे सांगत होता.

पाऊस, विहिरी, पिकं, आरोग्य, शाळा अशा कशाचेही आकडे घेऊन जे कोणी छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कृषी महाविद्यालयातली मुलं, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था, एकट्याने अभ्यास करणारे शिक्षक यांच्याकडे मी हे लिहिताना बघते आहे. प्रोग्रामिंगचं शिक्षण घेतलेलं नसेल तरी चालेल.

स्क्रिप्ट म्हणजे वीस, पन्नास, फार तर दोनशे ओळींचा प्रोग्राम. तो एका प्रश्नासाठी लिहिलेला असतो: यंदा जूनमध्ये पावसाचे दिवस किती? कोणत्या विहिरींचं पाणी मेपर्यंत टिकतं? बँकेच्या किंवा रेल्वेच्या सॉफ्टवेअरमागे मोठी टीम असते, तपासणीची वेगळी माणसं असतात. आपली स्क्रिप्ट रात्री जेवणानंतर एका बैठकीत लिहिली जाते, उत्तर मिळतं आणि ती फोल्डरमध्ये पडून राहते. पुढच्या वर्षी तसाच प्रश्न आला की तीच उघडून थोडी बदलायची. पाच वर्षांत अशा चाळीस-पन्नास साठतात. 'पाऊस', 'पाऊस नवीन', 'पाऊस शेवटची', 'पाऊस शेवटची दुरुस्त'. यातली खरी कोणती, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझं शून्यही असंच आलं होतं. आधीच्या वर्षी सापळ्यांचा नकाशा काढताना रिकाम्या रकान्यांमुळे स्क्रिप्ट अडत होती, म्हणून "रिकामं दिसेल तिथे शून्य भर" अशी एक ओळ टाकली. नकाशात फक्त एकूण पतंग दाखवायचे होते, आणि बेरजेला शून्याने काही फरक पडत नाही. पुढच्या वर्षी तोच तुकडा उचलून सरासरीच्या स्क्रिप्टमध्ये चिकटवला. बेरजेत निरुपद्रवी असलेली ओळ सरासरीत विष झाली. स्क्रिप्ट कुठेही अडली नाही, लाल अक्षरं आली नाहीत, तक्ता नेहमीसारखाच नीटनेटका छापला गेला. संशोधनातल्या स्क्रिप्टची भीती मला याचीच वाटते. बंद पडली तर निदान कळतं तरी.

अशी चूक मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही चुकलेली नाही. २०१४ मध्ये रसायनशास्त्रातल्या एका पद्धतीबरोबर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या छोट्या स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या. रेणूची रचना ओळखण्यासाठी अनेक फाईलींतले आकडे एकत्र करणं हे त्यांचं काम. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की तोच डेटा, तीच स्क्रिप्ट, पण वेगवेगळ्या संगणकांवर उत्तर वेगळं येतं. कारण अगदी साधं होतं. फोल्डरमधल्या फाईली ठरावीक क्रमानेच मिळतील असं स्क्रिप्टने गृहीत धरलं होतं, आणि तो क्रम ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलतो. आकड्यांच्या जोड्याच चुकत होत्या. दीडशेहून जास्त शोधनिबंधांच्या निकालांवर प्रश्नचिन्ह लागलं. फाईली आधी क्रमाने लावून घ्या, एवढाच त्यावरचा उपाय होता.

दुसरं उदाहरण आपल्या विहिरींच्या जवळचं आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत घरीच लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चिन्हाची उलटापालट झाली आणि प्रथिनांच्या रचना आरशात दिसाव्यात तशा उलट्या निघाल्या. २००६ मध्ये ते उघडकीला आलं आणि पाच शोधनिबंध मागे घेण्याची वेळ आली. आता आपलं बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. मोजमाप असतं जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचं. ऑक्टोबरात ४ मीटर होतं ते मेमध्ये ११ मीटर झालं. आकडा वाढला आणि पाणी घटलं. ज्याने हे ध्यानात न घेता "वाढ" हिरव्या रंगात दाखवली, त्याच्या नकाशावर कोरडं पडलेलं गाव सगळ्यात हिरवंगार दिसेल.

मग तपासायचं कसं? टेस्ट हा शब्द ऐकून माणसं दबकतात. पण घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, सहा-सात दिवसांनी उगवलेले मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरतो, कमी उगवले तर बियाणं वाढवतो. अख्खं पोतं कोणी उगवून बघत नाही. स्क्रिप्टची टेस्ट तशीच: मोजके दाणे, आणि काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक.

पहिला आणि सगळ्यात कामाचा प्रकार म्हणजे हाताने सोडवलेलं छोटं उदाहरण. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर तो "पावसाचा दिवस". स्क्रिप्टला पाच दिवसांचा खोटा डेटा द्या: ०, २.४, २.५, ४०, आणि एक रिकामा. कागदावर उत्तर काढा. पावसाचे दिवस २, नोंद असलेले दिवस ४. स्क्रिप्टने दुसरं काहीही सांगितलं तर ती चुकली. खरं काम २.४ आणि २.५ करतात. "पेक्षा जास्त" आणि "किंवा जास्त" यांत गडबड झाली असेल तर ती ४० मिलिमीटरच्या दिवशी कधीच दिसणार नाही, बरोबर बांधावर उभी असलेली नोंदच ती पकडते. पाचवा रिकामा रकाना तर माझ्या प्रत्येक टेस्टमध्ये असतोच.

हे लिहायला पायथनमध्ये वेगळं काही शिकावं लागत नाही. 'असर्ट' नावाची एक आज्ञा आहे. तिचा अर्थ, "हे असंच असलं पाहिजे, नसेल तर थांब". पाच ओळींत टेस्ट होते. अशा बऱ्याच जमल्या की पायटेस्ट हे साधन त्या एका दमात चालवून कोणती पास, कोणती नापास ते सांगतं.

दुसरा प्रकार, अशक्य गोष्टींवर पहारा. पाऊस उणे नसतो. विहिरीतलं पाणी विहिरीच्या तळाखाली नसतं. उद्याच्या तारखेची नोंद आज नसते. यातला माझा सगळ्यात लाडका पहारा आहे मोजदादीचा. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पावसाची फाईल आणि कापसाच्या पेऱ्याची फाईल तालुक्याच्या नावावर जोडली की हातात १६ ओळी यायलाच हव्यात. एकदा आल्या १५. एका फाईलमध्ये तालुक्याचं नाव केळापूर होतं आणि दुसरीत पांढरकवडा. तालुका केळापूर, मुख्यालय पांढरकवडा, इथल्या कोणालाही हे एकच. संगणकाला ती दोन वेगळी ठिकाणं. जोड जुळली नाही की तो ओळ गुपचूप गाळतो. "ओळी १६ नसतील तर थांब" ही एक ओळ नसती तर एक अख्खा तालुका आमच्या अहवालातून गेला असता आणि जिल्ह्याची सरासरी तरी ठीकच दिसली असती.

मराठीत काम करणाऱ्यांना याहून बारीक काटे लागतात. 'वऱ्हाड' या शब्दातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो: एकच पूर्ण चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, स्क्रिप्ट मात्र त्यांना वेगळं मानते. नावं जोडायच्या आधी ती एका रूपात आणून घ्यायची सोय पायथनमध्ये आहे, ती वापराच. आकड्यांचंही तसंच. पायथनला देवनागरी १२ समजतो, पण पायथनमध्ये तक्ते वाचणारी पॅंडाज लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) तो रकाना मजकूर म्हणून घेते, आणि मजकुराची बेरीज म्हणजे नुसतं शेजारी शेजारी ठेवणं. १२ आणि ५ मिळून १७ ऐवजी १२५. तारखांत १२/०६ हा आपला बारा जून, पण महिना आधी वाचणाऱ्या स्क्रिप्टला तो सहा डिसेंबर. मृगाचा पाऊस हिवाळ्यात जाऊन पडतो.

तिसरा प्रकार फार थोडे लोक वापरतात, म्हणून मुद्दाम सांगते. कित्येकदा खरं उत्तर काय हे आपल्यालाही माहीत नसतं, त्यासाठीच तर शोध चाललेला असतो. तरी उत्तराने कसं वागावं हे माहीत असतं. ओळींचा क्रम उलटासुलटा करा, सरासरी बदलता कामा नये. सगळा पाऊस मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये द्या, बेरीज बरोबर एक दशांश झाली पाहिजे. तीच ओळ दोनदा घातली तर स्क्रिप्टने ओरडायला हवं. फाईलींचा क्रम बदलून पाहण्याची एवढीशी टेस्ट असती तर रसायनशास्त्रातला तो घोळ पहिल्याच दिवशी सापडला असता.

आणि चौथा, उत्तर जपून ठेवणं. ज्या उत्तराची एकदा हाताने खात्री केली ते छोट्या फाईलमध्ये ठेवायचं. स्क्रिप्टमध्ये काहीही बदल केला की नवं उत्तर त्याच्याशी ताडून बघायचं. फरक पडला तर कारण सांगता आलं पाहिजे. कधी कारण डेटाचंच असतं. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. भंडाऱ्याच्या धानाचं क्षेत्र त्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे सलग काढलं तर मोठी घसरण दिसेल, आणि ती शेतीतली नव्हे, नकाशातली आहे. अकोला-वाशीमचं तेच, १ जुलै १९९८ पासून.

आता प्रश्न येतो, चाळीस स्क्रिप्टना हे सगळं करायचं का? मुळीच नाही. शोध घेताना लिहिलेल्या दहा स्क्रिप्टपैकी सात-आठ त्याच आठवड्यात मरतात आणि ते योग्यच आहे. प्रत्येकीला टेस्ट लावत बसलो तर शोधच थांबेल. मी एकच कसोटी ठेवली आहे. स्क्रिप्टमधून आलेला आकडा माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार का? बैठकीत, अहवालात, एखाद्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर? ज्या दिवशी उत्तर "हो" होतं, त्या दिवशी आकडा पाठवायच्या आधी टेस्ट लिहायची. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये किती टक्के ओळी टेस्टखाली आल्या ते मोजतात. आपल्या कामात त्या टक्क्यामागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझी शून्य भरणारी ओळ रोज चालत होती, कोणत्याही मोजणीत ती "तपासलेली" दिसली असती.

दुसरी खूण, तोच तुकडा तिसऱ्या स्क्रिप्टमध्ये चिकटवायची वेळ आली की थांबायचं. तारखा वाचणं, तालुक्यांची नावं एकसारखी करणं, रिकाम्या नोंदींचं काय करायचं ते ठरवणं, ही कामं सगळीकडे लागतात. ती 'सामाईक' नावाच्या एका फाईलमध्ये काढा आणि तिच्यावर मन लावून टेस्ट लिहा. इथे घातलेला एक तास सगळ्या स्क्रिप्टना पुरतो.

सांभाळण्याबद्दल थोडं. प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर मी चार ओळी लिहिते: प्रश्न काय होता, डेटा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, उत्तर कोणी वापरलं, आणि शेवटची कधी चालवली. मूळ डेटाच्या फाईलला हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची तर ती स्क्रिप्टने करावी आणि वेगळ्या फाईलमध्ये लिहावी. आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नसतो. स्क्रिप्ट फाईल लिहीत असताना लाईन गेली की अर्धीच फाईल राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती पूर्ण समजून आपण पुढे जातो. म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायची सवय लावून घेतली आहे. 'दुरुस्त', 'शेवटची' अशा नावांच्या जंजाळातून गिट सोडवतं. प्रत्येक बदल तारखेसह आणि कारणासह नोंदवणारी ही वही आहे, इंटरनेट नसलं तरी संगणकावर चालते.

लायब्ररींच्या आवृत्त्याही लिहून ठेवा. पायथन २ मध्ये ५ ला २ ने भागलं की उत्तर २ यायचं, पायथन ३ मध्ये २.५ येतं. १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल बंद आहे, पण त्या काळातल्या स्क्रिप्ट अजून एकमेकांना पेन ड्राईव्हवरून दिल्या जातात. पॅंडाजच्या २०२३ च्या २.० आवृत्तीत तक्त्याला ओळी जोडणारी जुनी 'अपेंड' आज्ञाच काढून टाकली आहे. ती वापरणारी स्क्रिप्ट अडते आणि चूक कळते. भागाकारासारखा बदल मात्र न सांगता उत्तर बदलतो, आणि तिथे जपून ठेवलेलं जुनं उत्तरच कामी येतं.

वर्षातून एकदा, मृग लागायच्या आधी, मी सगळं फोल्डर उघडते. सगळ्या टेस्ट चालवते. ज्या स्क्रिप्ट अडतात त्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे का ते माथ्यावरच्या चार ओळींत बघते. जिवंत असेल तर दुरुस्त करते, नसेल तर 'जुन्या' फोल्डरमध्ये टाकते. वखरणीसारखं हे काम आहे, एकदा केलं की हंगामभर मोकळं वाटतं. यंदा ४३ पैकी १२ उरल्या आहेत.

सापळ्यांच्या स्क्रिप्टमध्ये शून्य भरणारी ओळ काढून टाकणं सोपं होतं. तेवढ्याने भागलं नसतं. ९, १०, रिकामा, रिकामा, ११, ८, ७ या ओळीत सलग तीन दिवस पातळी ओलांडली का? रिकाम्या जागा गाळून पुढचे आकडे मागे सरकवले तर "हो", शून्य भरलं तर "नाही". दोन्ही उत्तरं आपण मनाने घातलेली. म्हणून स्क्रिप्टला तिसरं उत्तर शिकवलं: "सांगता येत नाही, वावरात जाऊन पाहा". तीच ओळ आता टेस्टमध्ये कायमची बसली आहे, तिचं नाव 'पोळा'.

नोंदवहीतही पतंगांच्या आकड्याआधी एक रकाना वाढवला आहे, "सापळा पाहिला का". सापळा पाहिला आणि पतंग नव्हते तर तिथे "हो" आणि पुढे ०. गेलंच नाही तर "नाही" आणि पुढचा रकाना तसाच सोडायचा. मागच्या पोळ्याला दोन दिवस "नाही" आले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्टने पाच गावांसमोर तिसरं उत्तर छापलं, आणि त्या पाच गावांतली पोरं दुपारच्या आत सापळ्यापाशी पोचली होती.